विश्लेषण : भाकरी सोडली की वजन उतरते? दीडशे वर्षांपूर्वीच्या बँटिंग आहाराची गोष्ट

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणला गाडी थांबते ती मासळीसाठी. उजनीच्या पाणलोटातली चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम ताटात येते. सोबत ज्वारीची भाकरी, भात आणि रस्सा. जेवण झाले की साखरेचा चहा. आजूबाजूला इंदापूर-बारामतीचा उसाचा पट्टा आहे, भवानीनगर आणि माळेगावचे साखर कारखाने आहेत. याच ताटातली भाकरी, भात आणि चहातली साखर बाजूला सारून फक्त मासळी आणि भाजी खाल्ली, तर त्याला आज लो-कार्ब डाएट म्हणतात. मोबाइलवर रोज त्याचे नवे व्हिडीओ येतात. मात्र ही कल्पना नवी नाही. ती लोकांच्या तोंडी आणली लंडनच्या एका निवृत्त व्यावसायिकाने, १८६३ मध्ये. ते डॉक्टर नव्हते आणि आहारतज्ज्ञही नव्हते. त्यांचे नाव विल्यम बँटिंग. त्यांचे वजन कसे वाढले, किती उपाय फसले, शेवटी कसे उतरले आणि ते टिकवायला काय करावे लागले, हे पाहिले की आजच्या लो-कार्ब आहाराचे चढउतारही समजतात.

विल्यम बँटिंग कोण होते?

बँटिंग यांचा जन्म १७९६ च्या अखेरीचा. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्यांच्या घराण्याची पेढी होती. अंत्ययात्रा आणि दफनविधीची सारी व्यवस्था करणे हा तिचा व्यवसाय. ही पेढी साधीसुधी नव्हती. राजा तिसरा जॉर्ज (१८२०), राजा चौथा जॉर्ज (१८३०), वॉटर्लूचे विजेते ड्यूक ऑफ वेलिंग्टन (१८५२) आणि राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट (१८६१) यांच्या अंत्यविधीची व्यवस्था याच घराण्याकडे होती. बँटिंग यांच्या मृत्यूनंतर १९०१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेची जबाबदारीही याच पेढीने पार पाडली.

घरात पैसा होता, प्रतिष्ठा होती, कामाची शिस्त होती. आईच्या किंवा वडिलांच्या बाजूला कोणी लठ्ठ नव्हते. बँटिंग स्वतः आळशी नव्हते आणि खादाडही नव्हते. तरीही तिशीनंतर त्यांचे अंग सुटू लागले.

कोणते उपाय करून पाहिले?

ओळखीच्या एका शल्यचिकित्सकाने व्यायामाचा सल्ला दिला. बँटिंग यांनी होडी घेतली आणि रोज पहाटे दोन-दोन तास वल्हवू लागले. हातात ताकद आली, पण भूकही कडकडून लागू लागली. ती भागवताना वजन घटण्याऐवजी वाढले, तेव्हा त्याच मित्राने वल्हवणे थांबवायला सांगितले. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात काटा वर गेलेला पाहून जिम सोडणाऱ्या आजच्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

पुढची सुमारे तीस वर्षे उपायांची रांगच लागली. समुद्रस्नान झाले, घोडेस्वारी झाली. लेमिंग्टन, चेल्टनहॅम आणि हॅरोगेट येथील झऱ्यांचे औषधी पाणी पिऊन झाले. औषधांच्या बाटल्या रिचवल्या. खाण्यावरचा खर्च अगदी किरकोळ करून अर्धपोटी राहणेही करून पाहिले. वाफेच्या तुर्की स्नानांचा मोठा गाजावाजा होता. तशी सुमारे पन्नास स्नाने घेतली. त्यातून घटले जेमतेम सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलो.

त्यांची अवस्था किती बिकट झाली होती?

ऑगस्ट १८६२ मध्ये बँटिंग पासष्टीत होते. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. आजच्या बीएमआयच्या हिशेबाने हा आकडा साडेतेहतीसच्या वर जातो. म्हणजे स्पष्ट लठ्ठपणा.

वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार येऊ नये म्हणून जिना उलट्या पावलांनी, सावकाश उतरावा लागे. चढताना धाप लागे. बेंबीपाशी हर्निया झाला होता, त्यासाठी पट्टा बांधावा लागे. नजर मंदावली होती, ऐकू कमी येऊ लागले होते. यापेक्षाही त्यांना जास्त बोचत होती ती लोकांची थट्टा. सार्वजनिक गाडीत बसले किंवा गर्दीत गेले की शेरे ऐकावे लागत. त्यामुळे त्यांनी लोकांत जाणेच कमी केले. लठ्ठ माणसाला त्याचा दोष नसतानाही हसले जाते, ही खंत त्यांनी पुढे लिहूनही ठेवली.

वळण कुठे आले?

कानाच्या तक्रारीने. आधीच्या एका तज्ज्ञाने ती फारशी मनावर घेतली नाही. मग ते सोहो स्क्वेअरमधील कानाचे शल्यचिकित्सक डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांना कान तपासताना वेगळेच दिसले. शरीरातल्या जादा चरबीचा दाब कानाच्या आतल्या भागावर पडतो आहे, असे त्यांचे निदान होते.

हार्वे यांनी १८५६ मध्ये पॅरिसला क्लोद बर्नार यांची मधुमेहावरची व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतः साखरेसारखा पदार्थ तयार करते, हे बर्नार यांनी दाखवून दिले होते. हार्वे यांनी त्याला आणखी एक निरीक्षण जोडले. जनावर पुष्ट करायचे असेल तर त्याला गोड आणि पिष्टमय खाद्य दिले जाते. मग माणसाची चरबी कमी करायची असेल तर तेच खाद्य कमी करून का पाहू नये, असा त्यांचा तर्क होता. इन्सुलिनचा शोध लागायला तेव्हा जवळपास साठ वर्षे अवकाश होता. १९२१ मध्ये टोरांटोत तो शोध लावणारे फ्रेडरिक बँटिंग वेगळे. या दोन नावांची गल्लत अनेकदा होते.

नेमके काय बदलले?

बँटिंग यांचा आधीचा आहार त्या काळच्या सुखवस्तू घरातला होता. सकाळी दूध-पाव, किंवा भरपूर दूध-साखरेचा चहा आणि लोणी लावलेला टोस्ट. दुपारी मांस, बिअर, पाव आणि पेस्ट्री. संध्याकाळी पुन्हा सकाळसारखाच चहा. रात्री फळांचा गोड टार्ट किंवा दूध-पाव. भिगवणच्या घरातला चहा-बिस्किट, पोहे, भाकरी, भात आणि सणाची पुरणपोळी हा क्रम यापेक्षा फार वेगळा नाही. फक्त पदार्थांची नावे बदलतात.

हार्वे यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा कमी करायला सांगितले. त्याऐवजी सकाळी मांस किंवा भाजलेली मासळी आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. दुपारी मासळी किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी. संध्याकाळी थोडी फळे. रात्री पुन्हा थोडे मांस किंवा मासळी. सामन ही चरबीयुक्त मासळी आणि डुकराचे मांस वर्ज्य होते.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, पाव पूर्ण बंद नव्हता. सकाळी आणि दुपारी सुमारे एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम कोरडा टोस्ट चालत असे. प्रत्येक पदार्थाचे माप ठरलेले होते. म्हणजे आजच्या कडक किटो आहारापेक्षा हा आहार बराच सौम्य होता. दुसरी, दुपारी आणि रात्री वाइनचे पेले होतेच, वर झोपण्यापूर्वी बिनसाखरेच्या मद्याचीही मुभा होती. आजचा कोणताही डॉक्टर हा भाग लिहून देणार नाही. बँटिंग यांचे वजन उतरले ते मद्यामुळे नव्हे, मद्य असूनही.

वजन कसे उतरले?

सावकाश, आणि पायऱ्यापायऱ्यांनी. २६ ऑगस्ट १८६२ रोजी २०२ पौंड असलेला काटा नाताळच्या आसपास १८४ वर आला. चार महिन्यांत सुमारे आठ किलो. त्यानंतर वेग मंदावला. नव्या वर्षात तीन-तीन आठवडे पथ्य पाळून जेमतेम किलोभर घट दिसे. सप्टेंबर १८६३ मध्ये वजन १५६ पौंड, म्हणजे सुमारे ७१ किलो भरले. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे जवळपास २१ किलो घट. कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला.

सरासरी काढली तर आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. महिन्यात दहा किलो घटवण्याच्या आजच्या जाहिरातींच्या तुलनेत हा आकडा फिका वाटेल. पण जिना सरळ पावलांनी उतरता येऊ लागला, बुटाची नाडी बांधता येऊ लागली आणि कानही सुधारला. त्यांचा बीएमआय तेव्हाही २६ च्या आसपास होता. म्हणजे ते सडपातळ झाले नव्हते, पण मोकळेपणाने हिंडूफिरू लागले होते.

एक पुस्तिका इतकी का गाजली?

बँटिंग यांनी आपला अनुभव 'लेटर ऑन कॉर्प्युलन्स' या छोट्या पुस्तिकेत मांडला. १८६३ मध्ये ती स्वखर्चाने छापून फुकट वाटली. मागणी इतकी वाढली की पुढच्या आवृत्त्या विकायला काढाव्या लागल्या. १८६९ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत प्रतींची संख्या साठ हजारांच्या पुढे गेली होती. नफा त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही, धर्मादाय कामाला दिला.

पहिल्या आवृत्तीत डॉक्टरांचे नाव नव्हते. लोक वेगवेगळे अंदाज बांधू लागले, तेव्हा पुढे हार्वे यांचे नाव जाहीर झाले. आपण शोध लावला असे बँटिंग यांनी कधी म्हटले नाही. श्रेय त्यांनी डॉक्टरांना दिले. स्वतःकडे फक्त नोंद ठेवण्याचे काम घेतले. तारीख, वजन आणि घट असा साधा तक्ता त्या पुस्तिकेत आहे. वाचकांना विश्वास वाटला तो याच तक्त्यामुळे.

इंग्रजीत त्यांच्या आडनावाचे क्रियापद झाले. आहारावर नियंत्रण ठेवणे म्हणजे बँटिंग करणे. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्यासाठी आजही बांता हेच क्रियापद रूढ आहे.

डॉक्टरांनी विरोध का केला?

लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकांनी टीका केली. यात नवे काही नाही, हा पहिला आक्षेप. तो खरा होता. फ्रान्समध्ये ब्रिया-सावारँ यांनी १८२५ मध्येच पिष्टमय पदार्थ कमी करण्याचा सल्ला दिला होता. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसाने सर्वांना सल्ला देणे धोक्याचे, हा दुसरा आक्षेप. इतके मांस सर्वांना सोसेल का, हा तिसरा. व्यंगचित्रकारांनाही आयता विषय मिळाला.

दुसरा आणि तिसरा आक्षेप अगदीच फेटाळण्यासारखा नव्हता. बँटिंग यांच्यामागे त्यांना तपासणारे हार्वे होते. पुस्तिका वाचून घरी बसल्या पथ्य सुरू करणाऱ्या हजारो लोकांमागे कोणी नव्हते. हार्वे यांनी आपली शास्त्रीय बाजू मांडणारे पुस्तक १८७२ मध्ये काढले. तोवर पुस्तिका घरोघरी पोहोचून गेली होती.

वजन पुन्हा वाढले का?

या कहाणीतला सर्वात उपयोगी भाग इथे आहे. वजन उतरल्यावरही बँटिंग यांनी काटा सोडला नाही. आपल्या शरीराला नेमके काय सोसत नाही, हे ते एकेक पदार्थ परत आणून पाहू लागले. दूध, लोणी, साखर पुन्हा सुरू केली की काटा वर सरकत असे. आठवडाभरात एकूण पाच औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम साखर खाल्ली तर वजन जवळपास एक पौंड वाढते, अशी नोंद त्यांनी केली.

हा हिशेब भिगवणच्या चहाला लावून पाहता येतो. दिवसाला चार कप, प्रत्येक कपात दोन चमचे, एका चमच्यात सुमारे पाच ग्रॅम साखर. दिवसाला ४० ग्रॅम आणि आठवड्याला २८० ग्रॅम. बँटिंग यांच्या मापाच्या जवळपास दुप्पट, तीही जेवणात न मोजली जाणारी.

अर्थात, पाच औंस साखरेतून एक पौंड चरबी बनत नाही. शरीर कर्बोदकांचा काही साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवते. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठते. कर्बोदके सोडली की हा साठा आणि त्यातले पाणी आधी निघून जाते. पहिल्या आठवड्यातली झपाट्याने होणारी घट मुख्यतः त्यामुळे असते. पुन्हा खाऊ लागले की तेच पाणी परत येते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने अनेकांना आधी चमत्कार झाल्यासारखे वाटते आणि एका लग्नाच्या पंगतीनंतर सगळे वाया गेल्यासारखे वाटते. बँटिंग यांना ग्लायकोजेनचे हे गणित माहीत नव्हते. पण काटा वर गेला म्हणून त्यांनी पथ्य टाकले नाही. पथ्य सांभाळत ते ८१ वर्षांचे आयुष्य जगले. १६ मार्च १८७८ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे या आहाराचे काय झाले?

फॅशनसारखे तो येत-जात राहिला. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांच्या पुस्तकाने त्याला पुन्हा उजाळा दिला. गेल्या दशकात दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स यांनी बँटिंग याच नावाने तो लोकप्रिय केला.

महाराष्ट्रात वजनाची चर्चा थोड्या वेगळ्या वाटेने गेली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो गावोगावी नेला. त्यात भर काय खावे यापेक्षा किती वेळा खावे यावर आहे. म्हणून तो बँटिंग आहार नव्हे. वारंवार पाझरणाऱ्या इन्सुलिनला आवर घालणे हे सूत्र मात्र दोन्हींच्या समर्थकांच्या बोलण्यात सारखेच असते.

आजचे विज्ञान काय सांगते?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये ६०९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना कमी कर्बोदकांचा, निम्म्यांना कमी चरबीचा सकस आहार वर्षभर दिला. पहिल्या गटाचे सरासरी सहा किलो वजन घटले, दुसऱ्याचे ५.३ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. दोन्ही गटांत काहींचे वजन खूप उतरले, तर काहींचे उलट वाढले. म्हणजे लो-कार्ब काम करते, पण तोच एक मार्ग नाही. ज्याला जो आहार वर्षानुवर्षे जमतो, तो त्याच्यासाठी चांगला.

सुरुवातीला डोकेदुखी, थकवा, बद्धकोष्ठता, तोंडाला वास हे त्रास अनेकांना होतात. खरा धोका वेगळा आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असताना अचानक भाकरी-भात बंद केला, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाने आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यायला हवी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि स्तनदा मातांनी हा प्रयोग स्वतःहून करू नये.

भिगवणच्या ताटाचे काय करायचे?

मासळीत कर्बोदके जवळपास नसतात आणि प्रथिने भरपूर असतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणून भाकरी शत्रू ठरत नाही. दिवसभर उसाच्या फडात राबणाऱ्याला ती हवीच. बँटिंग यांनीच एक दृष्टान्त दिला होता. कष्ट करणाऱ्या तरुण घोड्याला जो दाणा पौष्टिक, तोच म्हाताऱ्या घोड्याला बाधतो. दुकानात किंवा कार्यालयात दिवसभर बसणाऱ्याने दोनऐवजी एक भाकरी घ्यावी, भाताची मूद लहान करावी, मासळी तळण्याऐवजी रश्श्यात किंवा भाजून घ्यावी. शाकाहारी घरात मटकी, मूग, अंडी चालत असतील तर अंडी, पनीर, दही यांचे प्रमाण वाढवावे लागेल. त्याचा खर्च भाकरीपेक्षा जास्त येतो. अर्ध्यावर पथ्य सुटण्याचे ते एक मोठे कारण असते, म्हणून हिशेब आधीच करावा.

सुरुवात मात्र चहातल्या साखरेपासून करता येते. त्याला खर्च नाही. बँटिंग यांच्याकडून घ्यायचे ते त्यांचे मांस आणि मद्य नव्हे. आधी डॉक्टरांकडून तपासणी, ठरलेले माप, तीन आठवड्यांनी एकदा काट्यावर पाय आणि वहीत नोंद, एवढे त्यांनी केले. ही वही त्यांनी वजन उतरल्यावरही चालू ठेवली.